गर्भारपणाचे संप्रेरक आणि गळ्यातली ग्रंथी

पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात पाबळ हे कमी पावसाचे गाव आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली तेथे विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करीत शिकायचे, हे आश्रमाचे सूत्र. या विचारातून शाळांसाठी जो अभ्यासक्रम तयार झाला, त्यात यंत्रकाम, ऊर्जा, शेती व पशुपालन यांच्या जोडीला गृह-आरोग्य हाही विभाग आहे. या विभागात मुले-मुली रक्तगट ओळखायला आणि रक्तातील हिमोग्लोबिन मोजायला शिकतात.

मोजता येऊ लागले, की पुढचा प्रश्न येतोच. आकडा तर मिळाला, पण तो चांगला की वाईट? जागतिक आरोग्य संघटनेचा तक्ता पाहिला तर प्रौढ स्त्रीसाठी १०० मिलिलिटर रक्तात १२ ग्रॅम ही किमान मर्यादा दिसते, आणि गर्भवतीसाठी ११ ग्रॅम. गर्भवतीला सूट कशासाठी? गर्भारपणात रक्तातील द्रवभाग पुष्कळ वाढतो, तांबड्या पेशी मात्र त्या प्रमाणात वाढत नाहीत. रक्त थोडे पातळ होते. म्हणजे बाई तीच, उपकरण तेच, पण निकष बदलावा लागतो.

हिमोग्लोबिनच्या बाबतीत ही गोष्ट वर्गात दहा मिनिटांत समजावता येते. थायरॉइड ग्रंथीच्या बाबतीत मात्र हेच उमजायला संशोधकांना सुमारे सत्तर वर्षे लागली. या कामात स्त्रीरोगतज्ज्ञ होते, तसेच रसायनशास्त्रज्ञ, भौतिकशास्त्रज्ञ आणि जनुकशास्त्रज्ञही होते. त्या शोधाचा इतिहास आपण येथे पाहू या.

गळ्याचा दोरा

थायरॉइड म्हणजे अवटू ग्रंथी. ती गळ्याच्या पुढच्या बाजूला, श्वासनलिकेला बिलगून असते. ती सुजली की गळा फुगतो. या विकाराला आपल्याकडे गलगंड म्हणतात आणि त्याचे वर्णन सुश्रुतसंहितेत आहे. गर्भारपणात गळा थोडा भरतो, हेही लोकांनी पूर्वीच टिपले होते. युरोपात नवविवाहितेच्या गळ्याला दोरा गुंडाळून मोजण्याची जुनी चाल होती.

कारण मात्र कोणाला ठाऊक नव्हते. १८११ मध्ये फ्रान्समध्ये बर्नार कुर्त्वा यांना समुद्री शेवाळाच्या राखेतून आयोडीन मिळाले. १८२० मध्ये जिनिव्हाचे डॉ. क्वांदे यांनी गलगंडावर आयोडीन देऊन पाहिले. १८९५ मध्ये जर्मनीत बाउमान यांना खुद्द थायरॉइड ग्रंथीतच आयोडीन सापडले, आणि १९१४ मध्ये अमेरिकेत एडवर्ड केंडल यांनी या ग्रंथीचे थायरॉक्सिन हे संप्रेरक वेगळे काढले.

यामुळे अर्धे उत्तर मिळाले. गर्भारपणात मूत्रावाटे आयोडीन जास्त जाते, काही गर्भाला लागते आणि आईची ग्रंथीही जास्त संप्रेरक बनवते. प्रौढ माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरते; गर्भवतीला २५० लागते. जिथे माती-पाण्यात आयोडीन कमी, तिथे ही वाढीव मागणी भागत नाही आणि ग्रंथी फुगते. पण ग्रंथीला जास्त काम करण्याचा हुकूम सोडतो कोण?

एरवी हा हुकूम मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीकडून येतो. तिचे टीएसएच हे संप्रेरक थायरॉइडला कामाला लावते. रक्तात थायरॉइडचे संप्रेरक पुरेसे झाले की पीयूषिका टीएसएच कमी करते, कमी पडले की वाढवते. पाण्याची टाकी भरली की तरंगता गोळा नळ बंद करतो, तशी ही व्यवस्था आहे. म्हणूनच थायरॉइडची तपासणी करताना डॉक्टर टीएसएच पाहतात. टीएसएच जास्त म्हणजे थायरॉइड मंद, टीएसएच फार कमी म्हणजे थायरॉइड अतिसक्रिय, हा नेहमीचा हिशेब.

उंदीर, ससे आणि बेडूक

आता दुसरा धागा. १९२७-२८ मध्ये बर्लिनचे सेल्मार आशहाइम आणि बर्नहार्ड झोंडेक यांनी गर्भवतीचे मूत्र उंदराच्या अल्पवयीन माद्यांना टोचले. चारेक दिवसांनी त्या माद्यांची बीजांडे प्रौढ झालेली दिसली. मूत्रात बीजांडांना चेतवणारे काहीतरी होते, आणि गर्भ राहिल्याचे ओळखण्याची पहिली खात्रीची चाचणी हाती आली. पुढे उंदरांऐवजी ससे आले. दक्षिण आफ्रिकेत लान्सलॉट हॉगबेन यांच्या कामातून बेडकाची चाचणी निघाली. मूत्राचा अर्क टोचल्यावर बेडकी काही तासांतच अंडी घालीत असे.

आशहाइम आणि झोंडेक दोघेही ज्यू होते. नाझी सत्तेवर आल्यावर दोघांनाही जर्मनी सोडावी लागली. झोंडेक स्वीडनमार्गे जेरुसलेमला गेले, आशहाइम पॅरिसला.

हे संप्रेरक पीयूषिकेतून येते, असा झोंडेक यांचा आरंभीचा समज होता. पुढे कळले, की ते गर्भाबरोबर वाढणाऱ्या वारेच्या पेशी तयार करतात. त्याचे लांबलचक नाव ह्यूमन कोरिऑनिक गोनॅडोट्रॉपिन, थोडक्यात एचसीजी. आज आशा कार्यकर्तीकडे मिळणारी गर्भचाचणीची पट्टी याच एचसीजीला ओळखते. याचा थायरॉइडशी काही संबंध असेल, असे तेव्हा वाटण्याचे कारण नव्हते. ते बीजांडाचे संप्रेरक, थायरॉइड गळ्यात.

एसटीतल्या जागा

रक्तात संप्रेरके इतकी अल्प असतात, की ती मोजणे हीच मोठी अडचण होती. न्यूयॉर्कमधील एका रुग्णालयात भौतिकशास्त्रज्ञ रोझलिन यॅलो आणि डॉक्टर सॉलोमन बर्सन यांनी १९५९-६० च्या सुमारास तोड काढली. तिचे नाव रेडिओइम्युनोॲसे.

तिचे तत्त्व वर्गात असे सांगता येईल. एसटीत बसायच्या जागा ठरावीक आहेत. लाल टोपीचे चाळीस प्रवासी आपण मुद्दाम थांब्यावर उभे केले. बिनटोपीचे प्रवासी किती येणार, ते माहीत नाही. गाडी भरल्यावर आत लाल टोप्या मोजल्या. त्या जितक्या कमी, तितके बिनटोपीचे प्रवासी जास्त. येथे जागा म्हणजे संप्रेरकाला धरणारी प्रतिपिंडे, लाल टोपी म्हणजे किरणोत्सारी खूण लावलेले संप्रेरक आणि बिनटोपीचे प्रवासी म्हणजे रुग्णाच्या रक्तातील संप्रेरक. यॅलो यांना १९७७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. बर्सन १९७२ मध्येच निवर्तले होते.

आपल्याकडे या तंत्राचा प्रसार करण्यात अणुऊर्जा विभागाचा मोठा वाटा आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राचे किरणोत्सारी वैद्यक केंद्र १९६३ मध्ये मुंबईत परळ येथे सुरू झाले. थायरॉइडचे विकार हा तेथील कामाचा एक मुख्य विषय. अणुभट्टीत तयार होणारे किरणोत्सारी आयोडीन वापरून संप्रेरके मोजण्याचे संच देशातच बनू लागले. अणुशास्त्र आणि गर्भारपण यांची अशी भेट झाली.

द्राक्षगर्भाचे कोडे

कधीकधी गर्भ नीट तयार होत नाही, पण वारेची ऊती वेडीवाकडी वाढते आणि गर्भाशय द्राक्षांच्या घोसासारख्या फुग्यांनी भरून जाते. याला द्राक्षगर्भ म्हणतात. अशा काही स्त्रियांना धडधड, हातांना कंप, वजन घटणे अशी थायरॉइड अतिसक्रिय झाल्याची लक्षणे दिसत. द्राक्षगर्भ काढून टाकला की थायरॉइड आपोआप ताळ्यावर येई.

१९७१ मध्ये अमेरिकेतील जेरोम हर्शमन आणि हिगिन्स यांनी अशा दोन रुग्णांचा तपशील प्रसिद्ध केला. द्राक्षगर्भाच्या ऊतीतूनच थायरॉइडला चेतवणारे द्रव्य येते, याचा पुरावा त्यांनी दिला. हे द्रव्य कोणते? वार टीएसएचसारखे एखादे वेगळेच संप्रेरक बनवत असावी, असे काहींचे मत होते. द्राक्षगर्भात एचसीजी प्रचंड प्रमाणात असते. तेव्हा एचसीजीच हे काम करत असावे, असे दुसऱ्यांचे मत. शुद्ध एचसीजीचा परिणाम इतका क्षीण दिसे, की वाद बरीच वर्षे चालला.

आडनाव एक, नावे वेगळी

वाद मिटवायला रसायनशास्त्र मदतीला आले. १९७० च्या सुमारास कॅलिफोर्नियात जॉन पिअर्स आणि इतर संशोधकांनी दाखवले, की टीएसएच हे संप्रेरक दोन साखळ्यांचे बनले आहे. त्यांना आल्फा आणि बीटा म्हणतात. बीजांडांवर काम करणारी पीयूषिकेची दोन संप्रेरके आणि एचसीजी यांची रचनाही तशीच निघाली. चौघांतही आल्फा साखळी सारखीच आहे. ९२ अमिनो आम्लांची. फरक आहे तो बीटात.

चार भावांचे आडनाव एक आणि नावे वेगळी, तसा हा प्रकार. नुसत्या आडनावावर पत्र टाकले तर ते कोणाच्याही हाती पडेल. जुन्या चाचण्यांची नेमकी हीच अडचण होती. १९७२ मध्ये ज्युडिथ वैटुकायटिस, ग्लेन ब्राउनस्टाइन आणि ग्रिफ रॉस यांनी एचसीजीची बीटा साखळी ओळखणारी चाचणी तयार केली. म्हणजे आडनाव न विचारता नाव विचारले. आजच्या पट्टीच्या अचूकपणाचे मूळ येथे आहे.

आडनावाची उपमा ताणू नये, कारण एचसीजी आणि टीएसएच यांच्या बीटा साखळ्यांतही थोडे साम्य आहे. म्हणूनच थायरॉइडच्या पेशीवर टीएसएचसाठी असलेला ग्राही रेणू एचसीजीलाही थोडाफार दाद देतो. १९८९ मध्ये या ग्राहीचे मानवी जनुक हाती आले. ते दुसऱ्या पेशींत घालून त्यांवर शुद्ध एचसीजी सोडल्यावर पेशी चेतल्या. क्षीणपणे, पण निश्चित. एचसीजी थोडे असेल तर कोणाच्या लक्षातही येत नाही. पण गर्भारपणाच्या आरंभी ते इतके वाढते, की क्षीण हाकाही एकत्र मिळून थायरॉइडला ऐकू जातात.

एक वर चढते, दुसरे खाली उतरते

निरोगी गर्भवतीत हे खरोखर घडते का? १९९० मध्ये ब्रसेल्सच्या डॅनियल ग्लिनोअर आणि सहकाऱ्यांनी ६०६ गर्भवतींच्या तपासण्या प्रसिद्ध केल्या. एचसीजी दहाव्या आठवड्याच्या आसपास शिखर गाठते, आणि त्याच सुमारास टीएसएच तळाला जाते. पुढे एचसीजी उतरते आणि टीएसएच पुन्हा वर येते. दोन्ही आलेख एकाच कागदावर काढले, तर एक दुसऱ्याचे प्रतिबिंब वाटावे. विद्यार्थ्यांकडून असा आलेख जरूर काढून घ्यावा.

कारण आता सरळ आहे. एचसीजी थायरॉइडला ढकलते, थायरॉइड जरा जास्त संप्रेरक सोडते, टाकी भरल्याचे पाहून पीयूषिका टीएसएचचा नळ आवळते. पहिल्या तिमाहीत निरोगी गर्भवतींपैकी सुमारे दहा ते पंधरा टक्क्यांमध्ये टीएसएच नेहमीच्या खालच्या मर्यादेपेक्षाही कमी भरते. त्या आजारी नसतात.

याशिवाय आणखी एक घडामोड होते. गर्भारपणात वाढलेल्या इस्ट्रोजेनमुळे रक्तात थायरॉक्सिनला वाहून नेणारे प्रथिन वाढते. त्यामुळे एकूण थायरॉक्सिनचा आकडा सुमारे दीडपट होतो. पण त्यातले बहुतेक या वाहक प्रथिनाला बांधलेले असते. काम करते ते मोकळे थायरॉक्सिन.

आता समजा, हे लक्षात न घेता नेहमीचाच तक्ता लावला. टीएसएच कमी आणि एकूण थायरॉक्सिन जास्त पाहून निदान होईल, थायरॉइड अतिसक्रिय. त्यावरची काही औषधे गर्भारपणाच्या आरंभी घेतली, तर बाळात व्यंग निर्माण होण्याचा धोका असतो. ज्यांना खरोखर अतिसक्रिय थायरॉइडचा आजार आहे त्यांना उपचार हवेतच, आणि हा भेद डॉक्टर प्रतिपिंडांच्या चाचण्या व लक्षणे पाहून करतात. पण निरोगी बाईला रोगी ठरवण्याची चूक केवळ चुकीच्या तक्त्यामुळे होऊ शकते.

एक आई, एक मुलगी

१९९८ मध्ये फ्रान्समधील पॅट्रिस रोदिएन आणि सहकाऱ्यांनी एका कुटुंबाची हकिगत प्रसिद्ध केली. आई आणि मुलगी, दोघींनाही केवळ गर्भारपणातच थायरॉइड अतिसक्रिय होण्याचा त्रास होई. एचसीजी तर नेहमीएवढेच होते. तपासात आढळले, की दोघींच्या टीएसएच-ग्राहीत १८३ व्या जागी लायसिनऐवजी आर्जिनिन हे अमिनो आम्ल होते. शेकडो अमिनो आम्लांच्या साखळीतील एवढ्या एका बदलाने ग्राही एचसीजीला नेहमीपेक्षा कितीतरी जास्त दाद देऊ लागला होता. एचसीजी थेट थायरॉइडच्या ग्राहीवर काम करते, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता? १९२८ च्या उंदरांपासून सुरू झालेला धागा येथे गळ्यातल्या ग्रंथीला येऊन मिळाला.

पारड्याची दुसरी बाजू

निसर्गाने ही व्यवस्था का ठेवली असावी? याचा एक पटणारा अर्थ असा, की पहिले तीनेक महिने गर्भाची स्वतःची थायरॉइड काम करत नाही. त्याच्या मेंदूच्या वाढीला लागणारे थायरॉक्सिन आईकडूनच येते. नेमक्या याच काळात एचसीजी आईच्या ग्रंथीला जोर देते. जिची ग्रंथी आधीच मंद आहे किंवा जिला आयोडीन मिळत नाही, तिला हा जोर पेलत नाही. थायरॉक्सिनच्या गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांना गर्भारपणात मात्रा बहुधा २५ ते ५० टक्क्यांनी वाढवावी लागते, ती यामुळे. त्यांनी दिवस राहिल्याचे कळताच डॉक्टरांना भेटले पाहिजे.

आयोडीनच्या अभावाचे परिणाम भारताने मोठ्या प्रमाणावर सोसले आहेत. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी यांच्या नेतृत्वाखाली १९५६ पासून हिमाचलातील कांग्रा खोऱ्यात एक प्रयोग झाला. काही भागांत आयोडीनयुक्त मीठ दिले, एका भागात साधे मीठ. आयोडीन मिळालेल्या भागांत गलगंड घटला. साध्या मिठाच्या भागात तो घटला नाही आणि तेथेही आयोडीनयुक्त मीठ दिल्यावरच उतरला. १९७३ मध्ये याविषयी प्रसिद्ध झालेल्या निबंधाच्या लेखकांत माधव देव आणि एम. जी. करमरकर ही दोन मराठी नावे आहेत. भारताचा राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम १९६२ मध्ये सुरू झाला.

जन्मतःच थायरॉइड मंद असलेल्या बाळांकडेही लक्ष गेले. मुंबईत डॉ. मीना देसाई व सहकाऱ्यांनी सुमारे २५ हजार नवजात बालकांच्या रक्ताची तपासणी केली. साधारण २,८०० बाळांमागे एकात हा दोष आढळला. वेळीच गोळी सुरू केली तर अशा मुलाची बुद्धी वाचते.

आईच्या सौम्य दोषाबाबत चित्र इतके स्पष्ट नाही. १९९९ मध्ये अमेरिकेत जेम्स हॅडो यांनी दाखवले, की गर्भारपणात थायरॉइड मंद असून उपचार न झालेल्या ४८ स्त्रियांच्या मुलांचा बुद्ध्यंक इतर मुलांपेक्षा सरासरी ७ गुणांनी कमी होता. यावरून सर्वच गर्भवतींना तपासून गोळी द्यावी, असे अनेकांना वाटले. पण २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटन-इटलीतील मोठ्या चाचणीत, सौम्य दोषावर गोळी दिल्याने मुलांच्या बुद्ध्यंकात तीन वर्षांच्या वयात फरक दिसला नाही. गोळी सरासरी तेराव्या आठवड्यात सुरू झाली होती. तोवर उशीर झाला होता का, हा प्रश्न उरतोच. दोष तीव्र असेल तर उपचार हवेत, याबद्दल मात्र दुमत नाही.

तक्ता कोणाचा?

२०११ मध्ये अमेरिकन थायरॉइड संघटनेने पहिल्या तिमाहीत टीएसएचची वरची मर्यादा २.५ धरावी, असे सुचवले. हा आकडा आला होता मुख्यतः अमेरिका-युरोपातील स्त्रियांच्या अभ्यासांतून. दिल्लीचे डॉ. आर. के. मरवाह व सहकारी यांनी २००८ मध्ये ५४१ गर्भवतींचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यात निरोगी भारतीय स्त्रियांची पहिल्या तिमाहीतील वरची मर्यादा ५.० च्या आसपास होती. २.५ चा नियम आपल्याकडे जसाच्या तसा लावला, तर कितीतरी निरोगी स्त्रिया कागदोपत्री रोगी ठरतील. २०१७ मध्ये त्याच संघटनेने मार्गदर्शन बदलले. शक्य तिथे स्थानिक लोकसंख्येतून काढलेली मर्यादा वापरावी, नसेल तर ४.० च्या आसपास धरावी, असे आता सांगितले जाते.

स्थानिक आकडे काढायचे तर कोणीतरी गावोगाव जाऊन चिकाटीने मोजमाप करावे लागते. याचा उत्तम नमुना पुणे जिल्ह्यातच आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून जिल्ह्यातील सहा खेड्यांत माता-पोषणाचा अभ्यास हाती घेतला. सुमारे अडीच हजार विवाहित स्त्रियांची मोजमापे दिवस राहण्याआधीच घेतली, म्हणजे पुढे जे बदलले ते कशाच्या तुलनेत, हे सांगता यावे. तेथील बाळांचे सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास भरले. ती ब्रिटिश बाळांपेक्षा लहानखुरी होती, पण त्या मानाने अंगात चरबी टिकवून होती. परदेशी तक्त्यात नुसते वजन पाहून हे कळले नसते. हा अभ्यास थायरॉइडचा नव्हता, पण आपला तक्ता आपण मोजून काढावा लागतो, हे त्यानेही दाखवले.

शिक्षकांनी या विषयातून दोन गोष्टी सहज करून घ्याव्यात. पहिली, मिठाची तपासणी. चाचणी-संचातील द्रावणाचा थेंब टाकल्यावर आयोडीनयुक्त मीठ निळे-जांभळे होते. घरी पोहोचणाऱ्या एक किलो मिठात किमान १५ मिलिग्रॅम आयोडीन असावे असा नियम आहे. मुलांनी आपापल्या घरचे मीठ आणून पाहावे, आणि ते उघडे किंवा ओलसर जागी ठेवले होते का, याचीही नोंद करावी.

दुसरी गोष्ट हिमोग्लोबिनच्या वहीची. मुले आकडे लिहितात तेव्हा शेजारी एक रकाना वाढवावा: ही मर्यादा कोणाची, कोणत्या वयाची, कोणत्या अवस्थेतली? उद्या यातल्याच एखादीच्या हातात तिचा किंवा तिच्या वहिनीचा थायरॉइडचा अहवाल येईल. त्यावर प्रयोगशाळेने छापलेली मर्यादा गर्भवतीसाठी आहे का, हे डॉक्टरांना विचारायचे तिला सुचले, तर शाळेत शिकलेले कामी आले असे म्हणता येईल.